चिकटमावशी

तिला आईची आठवण म्हणाल तर एवढीच: ओल्या केसांचा वास आणि दुसऱ्या खोलीतून येणारा खोकला. बाकी सगळी आई म्हणजे ताईच.

आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती आणि ताई तेरा. वडील गोदीवर पाळीचं काम करायचे, घरी असले की झोपलेले असायचे. त्यामुळे वेण्या ताईने घातल्या, उवा ताईने काढल्या, पाढे ताईने पाठ करून घेतले. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही तर ताईला वडिलांपेक्षा चांगली यायची. एकदा वडिलांनी स्वतः सही केली तेव्हा बाईंनी ते प्रगतिपुस्तक परत पाठवलं, की सही खोटी दिसते. या गोष्टीवर दोघी बहिणी पुढे कितीतरी वर्षं हसायच्या. घरात, गल्लीत तिला सगळे ‘धाकटी’ म्हणत, आणि मोठी झाली तरी तेच नाव राहिलं.

अठराव्या वर्षी धाकटी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात लागली. कारखाना म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन लांब खोल्या. पुढच्या खोलीत शिलाई, मागच्या खोलीत कापायचं यंत्र आणि पुठ्ठ्यांचे ढीग. वाचनालयांची फाटकी पुस्तकं, कचेऱ्यांच्या जाड वह्या, कुणाच्या घरातले जुने अल्बम, असं सगळं तिथे यायचं. मालक म्हातारे होते, त्यांना सगळे ‘काका’ म्हणत. काकांनी तिच्या हातात सुई-दोरा दिला आणि फर्म्यामागून फर्मा, म्हणजे दुमडलेल्या पानांची एकेक जुडी, शिवायची जुजबंदी शिकवली. “दोरा ओढताना जोर मनगटाचा नाही, बोटाचा लावायचा,” ते सांगायचे, “आणि बोटाला सुई लागली तर आधी पुस्तक बाजूला कर, मग ओरड.”

सुई लागायचीच. कागदाच्या कडेने बोटं चिरायची, सुरीने साल निघायची. बांधणीवाल्याचा हात दुरूनही ओळखू येतो: नखांच्या कडेला वाळलेली खळ आणि बोटांवर बारीक रेघा. धाकटीला त्या हातांचा अभिमान होता.

विशीत तिचं एका माणसावर प्रेम बसलं. कागदाच्या एजन्सीकडून तो कारखान्यात यायचा. दोन वर्षं दोघं एकमेकांत बुडालेली होती. मग त्याची बदली झाली, फोन आधी कमी झाले, नंतर थांबले. ती चार महिने रडली, पाचव्या महिन्यात रडणं बंद केलं, आणि वाटलं, चला, एक प्रकरण संपलं.

तोवर वडीलही गेले होते. ताईचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. सगळ्यांनी आशा सोडल्यावर ताईला दिवस राहिले. बाळंतपण अवघड गेलं, रक्तस्राव फार झाला. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं, आणि नातेवाइकांपैकी कुणीतरी रक्तपेढीला तेवढं रक्त द्यावं, असं डॉक्टरांनी सांगितलं. भाऊजींना नुकतीच कावीळ होऊन गेली होती. धाकटीने बाही वर केली. “माझं घ्या. मी धडधाकट आहे.”

त्या दुपारी तिने भाचीला मांडीवर घेतलं. लालबुंद, सुरकुतलेली, झोपेतही हातपाय फिरवणारी पोर. “भिंगरी आहे नुसती,” धाकटी म्हणाली, आणि कागदोपत्री नाव दुसरं काहीही पडलं तरी घरात ती भिंगरीच झाली. संध्याकाळी निघताना तिने तिला पुन्हा एकदा घेतलं, हुंगलं, आणि परत ताईच्या कुशीत ठेवलं.

अकरा दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला. एकदा येऊन जा.

तिथल्या समुपदेशक बाई पन्नाशीच्या होत्या. टेबलावर काच, काचेखाली कुणाच्या तरी नातवंडांचे फोटो. त्यांनी दार लावून घेतलं, दुसरी तपासणी करायला लावली, आणि तिचा निकाल आल्यावर सरळ शब्दांत सांगितलं, की धाकटीच्या रक्तात एचआयव्ही आहे. त्या पुढे बरंच बोलल्या. रोज एक गोळी घ्यायची. गोळी नेमाने घेतली तर हा विषाणू इतका दबतो, की तपासणीतही सापडत नाही. माणूस म्हातारपणापर्यंत जगतो, काम करतो, लग्न करतो. धाकटीला आवाज ऐकू येत होता, शब्द मागाहून पोचत होते.

“माझं रक्त ताईला...”

“नाही. त्यांना आमच्याकडचं तपासलेलं रक्त दिलं. तुमचं बाजूला काढलं.”

“मी बाळाला घेतलं होतं. दोनदा.”

“मग काय झालं? रोज घ्या. मांडीवर घ्या, पापे घ्या, न्हाऊ घाला. यानं काही होत नाही. ऐकताय ना?”

धाकटीने मान हलवली. तिने ऐकलं होतं. तिच्या हातांनी ऐकलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ती ताईकडे गेली. ताई अजून पांढरीफटक होती, पण तोंडभर हसत होती. तिने बाळ पुढे केलं. “घे तुझी भाची. मला जरा पाठ टेकू दे.”

“ताई, हात खळीचे आहेत.”

“रविवारी कसली खळ? आणि असली तर धू की!”

धाकटी मोरीत गेली. साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले. मग उजेडात एकेक बोट निरखून पाहिलं. उजव्या तर्जनीवर कालची सुई लागल्याची खूण होती, मुंगीच्या डोळ्याएवढी. तिने ते बोट दाबलं. काही आलं नाही. आणखी जोरात दाबलं, तेव्हा लाल ठिपका आला. झालं. ती बाहेर आली, “माझी बस चुकेल” म्हणाली आणि चपला अडकवून निघाली. ताई हात पुढे केलेली तशीच राहिली.

तो ठिपका तिने स्वतः दाबून काढला होता, हे तिला तेव्हाही कळत होतं.

तेव्हापासून हेच चाललं. कधी हात खळीचे, कधी सर्दी झालेली, कधी कपडे कारखान्यातले. खेळणी आणायची ती ढीगभर, पण पोरीपासून हातभर लांब बसायची. भिंगरी रांगत तिच्याकडे आली की ही उठून पाणी प्यायला जायची. तिसऱ्या वर्षी पोरीला वाचा फुटली ती धबधब्यासारखी. एकदा शेजारणीला तिने हात नाचवत सांगितलं, “आमच्या मावशीचे हात ना, चिकट असतात. तिला हात लावायचा नसतो. ती चिकटमावशी आहे!” सगळे पोट धरून हसले. धाकटी सगळ्यांत मोठ्याने हसली आणि घरी येऊन अंथरुणावर पालथी पडली.

एक ताईची गोष्ट सोडली, तर धाकटीचं बाकी बरं चाललं होतं. हे सांगायलाच हवं, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. सकाळी आठला गोळी, हा नेम तिने एक दिवस चुकवला नाही. पहिले काही आठवडे गरगरायचं, मळमळायचं, मग शरीराने गोळीशी जुळवून घेतलं. वर्षभरात विषाणू तपासणीत सापडेनासा झाला. वजन वाढलं, गाल भरले. समुपदेशक बाईंनी तिला शनिवारच्या गटात नेलं. तिथे तिच्यासारखीच माणसं होती: एक केस कापणारी, एक बँकेतला कारकून, एक आजी. तिथे लोक आपल्या दुखण्याची थट्टा करायचे, आणि महिन्याभरात तीही करायला शिकली. तिने पोहायला शिकून घेतलं. काकांची नजर मंदावली तेव्हा कारखान्याची किल्ली त्यांनी तिच्या हातात दिली. तिने दोन बायका कामाला घेतल्या, त्यांना सुई धरायला शिकवलं. काकांना तिने आपलं सगळं सांगितलं होतं. म्हातारा म्हणाला, “मला मधुमेह आहे. आपण दोघं आपापल्या गोळ्या एकदमच घेत जाऊ. तेवढीच एकमेकांना आठवण.”

एकदा तर परिचारिकांच्या वर्गात जाऊन ती पाऊण तास बोलली. पेशंटला स्पर्श करायला घाबरू नका, म्हणाली. चाळीस अनोळखी मुलींपुढे तिने ते सांगितलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर आल्यावर समुपदेशक बाईंनी विचारलं, “आणि बहिणीला?”

“सांगणार आहे.”

“चार वर्षं ऐकतेय.”

“तिला धसका बसेल, मॅडम.”

“तिला बसेल, की तुम्हाला बसलाय?”

बस आली म्हणून धाकटी पळाली.

आता ती गोष्ट, जिच्यापाशी येऊन धाकटीचं मन अजूनही अडतं.

भिंगरी साडेचार वर्षांची असताना ताईच्या मणक्याचं दुखणं वाढलं. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की तीन महिने पडून राहायचं, काही उचलायचं नाही, वाकायचं नाही. भाऊजींच्या कामाच्या पाळ्या बदलत्या. धाकटी दवाखान्यात भेटायला गेली तेव्हा ताई पाठीवर सरळ पडलेली होती, मान वळवायचीही चोरी. छताकडे बघतच ती बोलत होती.

“भिंगरीला तुझ्याकडे ठेव. तीन महिने फक्त. शाळा तुझ्या घरापासून जवळ पडते. कारखान्यात नेलीस तरी चालेल, कागदाचे तुकडे दिले की ती दिवसभर बसते. त्रास नाही द्यायची.”

धाकटी उभीच होती. तिच्या डोळ्यांपुढे कारखाना आला: सुया, सुऱ्या, चिरलेली बोटं. पोरीला भरवणं, न्हाऊ घालणं, खरचटलं तर फुंकर घालणं. गोळ्यांची बाटली कुठे ठेवायची? पोर विचारेल, मावशी तू कसली गोळी खातेस? घरी जाऊन सांगेल. तिचं तोंड काय एक मिनिट बंद असतं?

“मला नाही जमणार, ताई.”

“काम खूप आहे का?”

“नाही जमणार.”

ताईने मोठ्या कष्टाने मान वळवली आणि तिच्याकडे पाहिलं. भांडली नाही. आजवर तुझ्यासाठी काय काय केलं, ते काढलं नाही. नुसतं “बरं” म्हणाली. ते ‘बरं’ धाकटी अजून विसरलेली नाही. त्यात राग असता तर तिला हलकं वाटलं असतं.

भिंगरीला भाऊजींच्या मोठ्या बहिणीकडे पाठवलं, बारा तासांच्या अंतरावरच्या गावी. आत्या वाईट नव्हती. शिस्तीची होती, पोराबाळांची सवय नव्हती, आणि घरात बडबड चालायची नाही. तीन महिन्यांचे सात महिने झाले, कारण ताईची जखम चिघळली आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. पोर परत आली ती उंच होऊन आली, केस कापून आली, आणि अडखळत बोलायला लागून आली. आधी फक्त पहिलं अक्षर अडायचं. मग अख्खा शब्दच घशात रुतायला लागला. धबधब्यासारखी बोलणारी पोर बोलायच्या आधी पापण्या घट्ट मिटून घ्यायची आणि कितीदा तरी, जाऊ दे, असं हाताने खुणावून गप्प व्हायची.

डॉक्टर म्हणाले, या वयात बऱ्याच मुलांना असं होतं. अमुक एका कारणानेच झालं असं म्हणता येत नाही. धाकटीने ते वाक्य तोंडपाठ केलं. कितीतरी दिवस ती तेवढ्यावर तरंगत राहिली. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं, की त्या कारणाने झालं नाही, असंही डॉक्टरांनी कुठे म्हटलं होतं?

त्यानंतर ताईने तिच्याकडे काही मागितलं नाही. फोन व्हायचे, तब्येत विचारली जायची. वाढदिवसाला धाकटी जायची, चहा प्यायची, यायची. भांडण झालेलं नव्हतं, म्हणून ते मिटवायचीही सोय नव्हती.

तिशीत तिच्या आयुष्यात मुद्रितशोधक आला. पुस्तकांची प्रुफं तपासणं हा त्याचा व्यवसाय, आणि ऱ्हस्व-दीर्घावरून छापखान्यात तो इतका भांडायचा की सगळे त्याला ‘वेलांटी’ म्हणत. पाचशे प्रती बांधून झाल्यावर तो धापा टाकत कारखान्यात आला, की पान एकशेतीनवर पहिली वेलांटी पडलीय, दुसरी हवी होती.

“आता काय उसवू का सगळी?” धाकटीने विचारलं.

“चिठ्ठी चिकटवू या. पाचशे चिठ्ठ्या. मीही बसतो.”

तो दोन दिवस बसला. चिठ्ठ्या वाकड्या लागत होत्या, पण माणूस सरळ होता. पुढे तो कारणाशिवाय यायला लागला, आणि काकांनी आपली खुर्ची मुद्दाम मागच्या खोलीत नेली.

तिने त्याला नदीकाठच्या बाकावर सगळं सांगितलं. एका दमात, त्याच्याकडे न बघता. तो पाण्याकडे बघत भलतंच बोलला. “एचआयव्ही. दुसरी वेलांटी.” मग स्वतःच ओशाळला, उठला आणि गेला. नऊ दिवस फिरकला नाही. धाकटीने मनात त्याच्या नावावर काट मारली. दहाव्या दिवशी तो वही घेऊन आला. वहीत एकोणीस प्रश्न होते, नंबर घालून. “मी घाबरलो होतो,” तो म्हणाला. “अजून थोडा घाबरलेला आहे. तुझ्या डॉक्टरांना भेटायचंय.” डॉक्टरांनी एकोणिसांची उत्तरं दिली. तिच्या रक्तात विषाणू सापडत नाही, तोवर तिच्यापासून त्याला लागण होणार नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा वेलांटीने वही मिटली.

लग्न साध्या सह्यांनी झालं. ताई आली, छान साडी नेसून आली, सगळ्यांशी नीट वागली आणि लवकर गेली. त्या संध्याकाळी वेलांटी म्हणाला, “ताईंना कधी सांगणार आहेस? त्या तुझ्याकडे बघत होत्या ना, मला बघवत नव्हतं.”

“सांगेन.”

“तू ते ‘सांगेन’ चांगल्या बांधणीत घालून ठेवलंयस.”

ती चिडली. कारण ते खरं होतं. पण खरं कळूनही तिने दीड वर्ष आणखी घालवलं. आता सांगायचं, तर आधी का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार होतं. आणि ते आजारापेक्षा जड होतं.

बत्तिसाव्या वर्षी तिला मुलगा झाला. डॉक्टरांनी नऊ महिने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं होतं, तिने एक गोळी चुकवली नव्हती. बाळ उरावर ठेवलं तेव्हा तिने त्याला घट्ट धरलं. ना हात बघितले, ना बोटं दाबली. त्याचं डोकं गळ्याशी आलं, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो बाळाचा नाही, भिंगरीचा. हे इतकं सोपं होतं? याला मी नऊ वर्षं भीत होते?

दुसऱ्या दिवशी ताई आली, त्याच वेळी नर्स बाळाला ड्रॉपरने खबरदारीचं औषध पाजत होती.

“एवढ्याशा जिवाला कसलं गं औषध?” ताईने विचारलं.

नर्सने धाकटीकडे पाहिलं. वेलांटीने धाकटीकडे पाहिलं आणि पाणी आणतो म्हणून तो बाहेर गेला. नर्सही गेली. आता बस चुकण्याची सोय नव्हती, टाके पडलेले होते.

धाकटीने सांगितलं. तिला वाटलं होतं बोलायला खूप लागेल. चार वाक्यांत झालं.

ताई स्टुलावर बसली. पर्स मांडीवर धरून ठेवली.

“किती वर्षं झाली?”

“भिंगरीएवढी.”

ताईच्या ओठांची हालचाल झाली, जणू ती वर्षं मोजत होती. “म्हणजे मी दवाखान्यात होते तेव्हा... मी तुला म्हटलं, की हिला ठेव...”

“हो.”

“म्हणून?”

“हो, ताई.”

“मला वाटलं, तुला आम्ही नकोसे झालो. मला वाटलं, तुला माझी पोर आवडत नाही. का आवडत नाही, म्हणून मी तिच्याकडेच बघत बसायचे गं. हिच्यात काय कमी आहे, असं.” ताईचा आवाज चढला. “तुझ्या उवा मी काढल्यात. तुझ्या ओकाऱ्या मी पुसल्यात. तुला गोवर झाला तेव्हा तुझ्या अंथरुणात मी झोपले होते. आणि मी तुला दारातून हाकलीन, असं वाटलं तुला?”

“असं नाही वाटलं.”

“मग?”

“माहीत नाही, ताई. मला माझ्याच हातांची भीती वाटायची.”

“मला विचारायचंस. मी काय करीन ते मला विचारायच्या आधी तू ठरवून मोकळी झालीस.” ताई उठली. तिने बाळाला उचललं, कपाळावर ओठ टेकवले, दुपट्यात नीट गुंडाळून धाकटीजवळ ठेवलं. दाराशी जाऊन थांबली. “मी रागावलेय. पण तुझ्या रोगावर नाही. हे नीट लक्षात ठेव.”

दोन महिने ती आली नाही. तिसऱ्या महिन्यात आली, ती डबा घेऊन आली आणि काही न बोलता बाळाची दुपटी धुवायला बसली. त्यानंतर येत राहिली. पण दोघी मिळून पूर्वीसारख्या हसल्या का, तर नाही. मधेच ताई गप्प व्हायची, आणि ती कशाचा विचार करतेय, ते धाकटीला न सांगता कळायचं.

मुलाच्या तपासण्या होत गेल्या. दीड वर्षांचा झाल्यावर शेवटची झाली. त्याला काही नाही, डॉक्टर म्हणाले. वेलांटी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून लहान मुलासारखा रडला. मग त्याने निकालाच्या कागदावरच्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या.

भिंगरी तेव्हा अकराची होती. ताईने तिला मावशीच्या आजाराचं सगळं समजावून सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “म-म-मग बाळ ठीक आहे ना?” एवढंच. आता ती दर शनिवारी बाळाकडे येते. मावशीकडे नाही, बाळाकडे.

ती पहिल्यांदा आली तेव्हा धाकटी बाहेरच्या खोलीत एका शब्दकोशाचे सुटे फर्मे लावत बसली होती. आतून आवाज आला. कुणीतरी भराभर, गात गात, न थांबता बोलत होतं. हत्ती कसा दुकानात गेला, त्याला चपला कशा होईनात, दुकानदार काय म्हणाला, हत्ती काय म्हणाला. शेजारची कुणी आली असेल, म्हणून धाकटी दारापर्यंत गेली. आत फक्त भिंगरी होती आणि तिच्या मांडीवर बाळ. एकही शब्द अडत नव्हता. तोच साडेचार वर्षांचा धबधबा, जो तिने नऊ जन्म ऐकला असता तरी कमी पडला असता, आणि जो घरी ठेवून घे म्हटलं तेव्हा तिने नको म्हटला होता.

तिने दार ढकललं. भिंगरीने वर पाहिलं.

“मा-मावशी, त्याला झ... झ...” पापण्या घट्ट मिटल्या. “झोप आलीय.”

मग पुढे कधी धाकटी दाराच्या आत गेली नाही. बाहेर बसून फर्मे लावायची आणि ऐकायची.

गेल्या महिन्यात भिंगरी तेरा वर्षांची झाली. धाकटीने धीर केला. मूल झोपलं होतं, दोघी स्वयंपाकघराच्या टेबलाशी समोरासमोर बसल्या होत्या. तिने आडवळणं घेतली नाहीत. तू लहान होतीस तेव्हा ताईने तुला माझ्याकडे ठेवायला सांगितलं होतं, मी नाही म्हटलं. कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण ते माझ्या डोक्यात होतं. तुला इतक्या लांब जावं लागलं ते माझ्यामुळे. माझं चुकलं.

भिंगरीने नीट ऐकलं. ऐकताना ती टेबलावरचे बिस्किटाचे कण बोटाने गोळा करत होती.

“म-मला आठवतच नाही गं, मावशी,” ती म्हणाली. तिच्या आवाजात कुढेपणा नव्हता, उलट मावशीला वाईट वाटू नये असा प्रयत्न होता. “आत्याकडे एक म-मांजर होतं. तेवढं आठवतं. पिवळं. आणि जिन्यावर बसायचे ते.”

“जिन्यावर का बसायचीस?”

“आई येईल म्हणून.”

माफी मागायला धाकटी बसली होती. पोरीला जे आठवतच नव्हतं, ते ती माफ तरी कशी करणार? आणि ज्या ताईला सगळं आठवत होतं, तिने तो शब्द अजून उच्चारला नव्हता. धाकटीनेही मागून घेतला नव्हता.

समुपदेशक बाई आता निवृत्त झाल्यात. धाकटी त्यांच्या जागी नव्या माणसांशी बोलायला महिन्यातून दोनदा जाते. परवा एक विशीतली मुलगी आली होती, रडून डोळे सुजलेले. तिने विचारलं, “तुम्हाला या आजारानं काय काय गमवायला लागलं?”

“आजारानं?” धाकटी म्हणाली. “आजारानं काही नाही. दीड-दोन किलो वजन, तेही परत आलं.” ती मुलगी कशीबशी हसली. “घरी कोण आहे तुझ्या?”

“मोठा भाऊ. वहिनी. त्यांचा मुलगा आहे, लहान.”

“किती लहान?”

“आठ महिन्यांचा.”

“फोन आहे ना जवळ? लाव भावाला. मी बसलेय इथे.”

मुलीने फोन हातात घेतला, आणि खाली ठेवला, आणि पुन्हा घेतला. धाकटी खिडकीकडे तोंड करून बसली. तिला घाई नव्हती. पलीकडे घंटा वाजायला लागल्याचं इथवर ऐकू येत होतं.